खेड्यातल्या कॉलेजात नगररचना आणि जमीन वापर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या एका तहसीलच्या गावी मी जमीन वापर आणि नगररचना शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत पालक विचारतात, सत्र सुरू झालं की विद्यार्थी. आजूबाजूच्या कॉलेजांत हा पेपर अचानक अंगावर आलेले भूगोलाचे आणि सिव्हिलचे शिक्षक वर्षभर लिहीत असतात. अधूनमधून सरपंचांचे फोन येतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. जिथे दोन उत्तरं एकमेकांना लागून आहेत तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नगररचना म्हणजे घरांचे नकाशे काढणंच ना? सिव्हिल आणि आर्किटेक्चर असताना हे वेगळं कशाला?

घराचा नकाशा आर्किटेक्ट काढतो आणि ते घर पक्कं उभं राहील की नाही हे सिव्हिलवाला पाहतो. पण घर त्या जागी असावं का, तिथे पाणी कुठून येणार, पावसाचं पाणी कुठे जाणार, शाळा किती लांब पडेल, त्या जागेवर आधी कोणाची जनावरं चरत होती, हे सगळे प्रश्न नियोजनाचे. एका वावरात, म्हणजे शेतात, घर झालं तर तो एका कुटुंबाचा मामला असतो. रस्त्याच्या कडेच्या दहा वावरांत घरांच्या भूखंडांचे ले-आउट पडले की नाला, विहिरी, पांदण (वावरात जायची वाट) सगळ्यांवरच परिणाम होतो. म्हणून या अभ्यासक्रमात सर्वेक्षण, भूगोल, लोकसंख्या, अर्थशास्त्र, वाहतूक आणि कायदा असं सगळं येतं.

२. आम्ही खेड्यातले. ‘नगर’रचना शिकून आमच्या पोराला काय उपयोग?

पालकांचा हा पहिला प्रश्न, आणि रास्त प्रश्न. आपल्या राज्याच्या मूळ कायद्याचं नावच पाहा: महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. ‘प्रादेशिक’ आधी आहे. प्रादेशिक योजनेत खेडी येतात, शेतं येतात, जंगल येतं. २०१७ मध्ये नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण झालं तेव्हा त्याच्या हद्दीत सातशेहून अधिक गावं आली. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग विदर्भातल्या नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून गेला, आणि तो बहुतेक ठिकाणी शेतांमधूनच गेला. तहसीलच्या ठिकाणच्या कितीतरी ग्रामपंचायती गेल्या काही वर्षांत नगरपंचायती झाल्या. काल जिथे पटवाऱ्याकडे जाऊन काम होत होतं, तिथे आता विकास योजनेचा नकाशा भिंतीवर लागतो.

निर्णय मुंबईत किंवा नागपुरात होतो आणि उतरतो आपल्या वावरात. तो नकाशा वाचू शकणारं एक तरी माणूस गावात असावं, एवढ्यासाठी मी हा विषय शिकवते.

३. बारावीनंतर प्रवेश कसा मिळतो? कला शाखेच्या मुलांना वाट आहे का?

नियोजनाची पदवी, म्हणजे बी.प्लॅनिंग, चार वर्षांची असते आणि बारावीला गणित लागतं. जेईई मेनमध्ये नियोजनासाठी वेगळा पेपर असतो, २-ब. त्यात गणित, अभियोग्यता आणि नियोजनावरचे प्रश्न येतात. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा इथल्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर या राष्ट्रीय संस्था आहेत. राज्यात पुण्याच्या सीओईपीत नियोजन शिकवतात. विदर्भात नागपूरच्या व्हीएनआयटी या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत नगर नियोजनाचं पदव्युत्तर शिक्षण आहे, त्यासाठी गेट या परीक्षेची तयारी करावी लागते.

कला शाखेच्या मुलांनी हात टेकू नयेत. भूगोल, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्रात एम.ए. केलेल्यांना अनेक संस्था एम.प्लॅनसाठी, म्हणजे नियोजनाच्या पदव्युत्तर पदवीसाठी, घेतात. माझ्या अनुभवात भूगोलाची मुलं गावाचा नकाशा सगळ्यांत लवकर वाचायला शिकतात. याशिवाय इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स, इंडिया ही १९५१ मध्ये स्थापन झालेली संस्था स्वतःची परीक्षा घेऊन सदस्यत्व देते.

४. नोकरी कुठे?

राज्याचं नगररचना आणि मूल्यनिर्धारण संचालनालय पुण्यात आहे आणि जिल्ह्यांत त्याची शाखा कार्यालयं आहेत. नगर रचनाकार आणि सहायक नगर रचनाकार ही पदं एमपीएससीतून भरली जातात. कोणती पदवी चालते ते प्रत्येक जाहिरातीत नीट वाचा, ऐकीव माहितीवर अर्ज भरू नका. महापालिका, विकास प्राधिकरणं आणि खासगी सल्लागार संस्था यांतही कामं असतात.

५. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि डी.पी. एकच ना?

नाही, आणि हा घोळ सरपंचांपासून शिक्षकांपर्यंत सगळीकडे आहे. ग्रामपंचायत विकास आराखडा हा कामांचा आणि पैशांचा आराखडा आहे: यंदा कुठली नाली, कुठली अंगणवाडी, कुठला निधी. तो ग्रामसभेपुढे येतो. डी.पी., म्हणजे विकास योजना, ही जमिनीच्या वापराची योजना. ती १९६६ च्या कायद्याखाली नगरपालिका, नगरपंचायत किंवा प्राधिकरणासाठी होते. कोणती जमीन निवासी, कोणती शेती, कुठून रस्ता जाणार, शाळेसाठी कोणती जागा राखून ठेवायची, हे ती ठरवते.

साध्या खेड्याला स्वतःची डी.पी. बहुधा नसते. ते गाव प्रादेशिक योजनेत येत असेल तर त्या मोठ्या नकाशावर त्याच्यासाठी बोटभर जागा असते. बहुतेक वेळा गावठाणाचा एक ठिपका आणि भोवती सगळा हिरवा रंग. त्या हिरव्या रंगात काय काय दडलेलं असतं ते प्रश्न ८ मध्ये.

६. मला यंदा हा पेपर दिला आहे. शिकवायला सुरुवात कुठून करू?

पायांपासून. पहिले दोन आठवडे फळ्यावर व्याख्या लिहू नका. मुलांना गावाच्या सगळ्यांत उंच जागेवर न्या आणि तिथून नाल्यापर्यंत सरळ चालवा. विदर्भात ही वाट बहुतेक ठिकाणी सारखीच उलगडते: वर टेकडीला बरड, म्हणजे हलकी मुरमाड जमीन, मध्ये मध्यम जमीन, खाली नाल्याकाठी भारी काळी. दर शंभर पावलांवर थांबून माती हातात घ्यायची, पीक लिहायचं, विहिरीत डोकावायचं.

मग त्यांना विचारा, जुनं गाव नेमकं कुठे वसलं आहे? बहुतेक गावं बरडावर किंवा उंचवट्यावर सापडतात. आपल्या आज्या-पणज्यांनी चांगली जमीन घराखाली घातली नाही. आजचे ले-आउट रस्त्याला धरून भारी जमिनीत पडतात. ही काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते, म्हणून पाया नीट न घेतलेल्या घरांच्या भिंतींना दोन-तीन वर्षांत चिरा जातात. ही एक गोष्ट पाहिली की मृदा, जमीन वापर आणि बांधकाम यांचा संबंध मुलांना वेगळा शिकवावा लागत नाही. त्यानंतर वर्गात जमिनीच्या क्षमतेचे आठ वर्ग शिकवा. त्यांतले पहिले चार लागवडीयोग्य आणि उरलेले चार चराई, झाडोरा वगैरेंसाठी. मुलं स्वतःच ‘आपली बरड कितव्या वर्गात?’ असं विचारू लागतात. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो ही देशपातळीवरची संस्था आपल्या नागपुरातच आहे. एक सहल तिकडे काढा.

चालण्याचा हा धडा वर्षातून दोनदा घ्या. एकदा जुलैत, जेव्हा पांदणीत गुडघाभर चिखल असतो. तेव्हाच कळतं की पांदण नसेल तर सोयाबीन वावरातून घरी येत नाही. दुसऱ्यांदा फेब्रुवारीत, रान मोकळं झालं की. तेव्हा त्याच शेतात दुसऱ्याची जनावरं दिसतील.

आधी पाहणी आणि मग योजना ही शिस्त आपल्याकडे जुनी आहे. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. शहर पायी फिरून समजून घ्यावं हा त्यांचा आग्रह होता. आणि वर्ध्याच्या मगनवाडीतून गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या उद्योगांची पाहणी केली, तेव्हा त्यांनी खेड्यांतच सुरुवात केली.

७. सातबारावर शेती आहे, योजनेत पिवळा रंग आहे आणि जागेवर वीटभट्टी आहे. विद्यार्थ्याने कोणतं खरं धरायचं?

तिन्ही. प्रत्येक कागद वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. सातबारातला गाव नमुना सात जमिनीचा धारक आणि हक्क सांगतो, नमुना बारा पीक सांगतो. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकरी ई-पीक पाहणीतून स्वतः करतात. योजनेतला रंग पुढे काय करता येईल ते सांगतो. पिवळा म्हणजे निवासी, पण उद्या तिथे घरं होतीलच असं नाही. आणि डोळ्यांना दिसते ती आजची वस्तुस्थिती.

मी मुलांना प्रत्येक भूखंडासाठी तीन रकाने भरायला लावते: कागद, योजना, जागा. मग चौथा रकाना: अजून कोण वापरतं? तीन रकाने जुळले तर पुढे जा. जुळले नाहीत तिथेच थांबायचं आणि का जुळत नाहीत ते शोधायचं. माझ्याकडे सगळ्यांत जास्त गुण या न जुळणाऱ्या जागांना असतात. सुंदर रंगवलेला नकाशा आणून विसंगती एकही न सापडलेल्या मुलाला मी पुन्हा गावात पाठवते.

८. नकाशाच्या सूचीत पांदण, आखर, पोळ्याची जागा असं काहीच नसतं. मग हे दाखवायचं कसं?

सूची आपण वाढवायची. शहरासाठी केलेल्या सूचीत निवासी, वाणिज्य, औद्योगिक, सार्वजनिक, शेती असे रकाने असतात. आपल्या गावात सकाळी जनावरं गोळा होतात तो आखर असतो, मळणीची खळी असतात, वावरात जायची पांदण असते, आठवडी बाजाराची जागा, मातामाय (देवीचं ठाणं), दहनभूमी असते. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहतात ती जागा वर्षातले दोनच दिवस भरलेली असते, एकदा मोठ्या पोळ्याला आणि दुसऱ्या दिवशी लेकरांच्या तान्ह्या पोळ्याला. उपग्रहाच्या चित्रात ती रिकामी दिसते. ‘रिकामी’ दिसली की कोणीतरी तिथे समाजमंदिर नाहीतर पाण्याची टाकी सुचवतो.

म्हणून ‘पडीक’ आणि ‘रिकामी’ हे दोन शब्द माझ्या वर्गातल्या नकाशांवर चालत नाहीत. जागेचं नाव काय, कोणत्या महिन्यात कोण वापरतं, हे लिहायचं. कळत नसेल तर तीन माणसांना विचारायचं: गुराख्याला, सरपणाला जाणाऱ्या बाईला आणि मग सरपंचांना. याच क्रमाने. सरपंचांना आधी विचारलं की बाकीचे तेच उत्तर देतात.

पांदणीसाठी वेगळी रेघ ठेवा. दोन्ही बाजूंचे धुरे, म्हणजे बांध, सरकत सरकत पांदण निम्मी झालेली असते. नकाशावरची रुंदी आणि जागेवरची रुंदी दोन्ही लिहा. कोणी सरकवली ते मात्र लिहू नका (का, ते प्रश्न १२ मध्ये).

९. वऱ्हाडातल्या आणि झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) कॉलेजांना एकच अभ्यासक्रम चालेल का?

अभ्यासक्रम एक चालेल, पण कागदांचा पहिला गठ्ठा वेगळा लागेल. वऱ्हाडात, म्हणजे अमरावतीकडच्या पाच जिल्ह्यांत, मुंबईच्या धर्तीची रयतवारी होती, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा. तिथे गुरं चारायच्या सरकारी जमिनीला लोक आजही ई-क्लास म्हणतात. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या बाजूला मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून सरकारला द्यायचा. १९५० च्या कायद्याने ती गेली, पण तिचे माग राहिले: निस्तारपत्रक, वाजिब-उल-अर्ज आणि मालगुजारी तलाव. गावाला कोणत्या जंगलातून सरपण आणता येईल, कोणत्या तलावाचं पाणी कोणाला, कुठे जनावरं बसतील, हे त्या कागदांत लिहिलेलं सापडतं. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून ते पाहता येतात. खरं म्हणजे ते आपल्या खेड्यांचे जुने जमीन वापराचे आराखडेच आहेत, आणि नियोजनाच्या वर्गात ते क्वचितच उघडले जातात याचं मला वाईट वाटतं.

पूर्वेकडच्या कॉलेजांनी एक अख्खं सत्र मामा (माजी मालगुजारी) तलावावर घालवलं तरी कमी पडेल. वरून येणारं पाणी, पाळ, पाट, खालची धानाची बांधी आणि उन्हाळ्यात उघडं पडणारं तलावाचं पोट, हे सगळं एकाच जमिनीत ऋतूप्रमाणे बदलतं. अकोला, अमरावती आणि बुलढाण्याकडच्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथे विहिरीचं पाणीच खारट असल्यामुळे ‘इथे वस्ती वाढू शकते का?’ या प्रश्नाची सुरुवात पाण्यापासून होते.

१०. आमच्याकडे जीआयएस (संगणकावर नकाशे करायची) लॅब नाही. सॉफ्टवेअर महाग आहे. कसं शिकवू?

क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि शिकवायला पुरतं. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर उपग्रहाची चित्रं मिळतात, राज्याच्या महाभूनकाशा संकेतस्थळावर गटांचे नकाशे दिसतात. नेट नसेल तर तहसीलच्या गावी एकदा बसून लागेल तेवढं उतरवून घ्या. महाराष्ट्राचं सुदूर संवेदन उपयोजन केंद्रही नागपुरातच आहे. आणि ट्रेसिंग पेपर अजून दुकानात मिळतो. दोन कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले की थर म्हणजे काय ते मुलांना पटकन कळतं. मी दरवर्षी आधी हेच करते, संगणक नंतर.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी सांगा. मोबाइलचं जीपीएस काही मीटर चुकतं. वापर दाखवायला ते पुरतं, धुऱ्याचा वाद सोडवायला नाही. हद्द ठरवणारी मोजणी भूमी अभिलेख खात्याची. विद्यार्थ्याच्या मोबाइलवरून भावाभावांत भांडण लागलेलं मी पाहिलं आहे.

११. मराठीतून शिकवलं तर मुलं मागे पडतील का?

पुस्तकं इंग्रजीत आहेत, पण आपल्या जिल्ह्यातली प्रत्येक अधिसूचना मराठीत येते. चटई क्षेत्र निर्देशांक, सामासिक अंतर, पोहोच रस्ता, हरकती व सूचना हे शब्द ज्याला येत नाहीत तो कार्यालयात गप्प बसतो. म्हणून दोन्ही शिकवा, मराठी आधी.

‘आरक्षण’ या शब्दाला मात्र एक तास वेगळा द्या. मुलांच्या मनात त्याचा एकच अर्थ असतो, प्रवेशाचा आणि नोकरीचा. योजनेत आरक्षण म्हणजे शाळा, बाग, रस्ता अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली जमीन. हा फरक न सांगता पुढे गेलात तर परीक्षेत फार विचित्र उत्तरं येतात, आणि त्यात चूक मुलांची नसते.

१२. गावात गेलं की लोक विचारतात, “जमीन जाणार का?” काय सांगायचं?

खरं सांगायचं, आणि जायच्या आधी सांगायचं. विदर्भातल्या माणसाने नकाशा हातात घेतलेली परकी माणसं पाहिली ती धरणाच्या, कोळशाच्या नाहीतर महामार्गाच्या आधी. गोसेखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसं अजून पुनर्वसित गावठाणांत राहतात. वणी आणि चंद्रपूरकडे कोळशासाठी जमीन घ्यायला १९५७ चा वेगळा कायदा लागतो हे तिथल्या शेतकऱ्यांना पाठ आहे. त्यांची भीती अडाणीपणातून आलेली नाही.

पहिल्या वर्षी मी मुलांना टेप आणि खुंट्या देऊन थेट नाल्यावर पाठवलं. संध्याकाळपर्यंत गावात कालवा येणार ही बातमी झाली. रात्री एक आजोबा आपला सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन माझ्या घरी आले आणि दारात उभे राहून म्हणाले, “बाई, किती आर जाते तेवढं सांगा.” चूक माझी होती.

त्यानंतर आमचे नियम ठरले. आधी ग्रामपंचायतीला पत्र. मग ग्रामसभेत किंवा चावडीवर मुलांनी स्वतः उभं राहून सांगायचं की हा अभ्यास आहे, सरकारी काम नाही. पहिल्या भेटीत टेप न्यायचा नाही. कोणाच्या कागदाचा फोटो घ्यायचा नाही. अतिक्रमण करणाऱ्याचं नाव आणि गट क्रमांक नकाशावर येऊ द्यायचा नाही. जमिनीचे भाव विचारायचे नाहीत. आणि काम झालं की तयार नकाशाची मोठी प्रत गावाला परत द्यायची. एका गावाने ती शाळेच्या भिंतीवर रंगवून घेतली आहे.

१३. टोला, पोड, बेडा, ढाणा हे नकाशात नसतात. ते वेगळे मोजायचे का?

होय. जनगणना महसुली गाव मोजते. त्या गावाच्या पोटात दोन-तीन किलोमीटरवर गोंडांचा टोला, कोलामांचा पोड, पारध्यांचा बेडा, मेळघाटात कोरकूंचा ढाणा, कुठे बंजाऱ्यांचा तांडा असतो. गावाला शाळा आहे असं तक्ता सांगतो, पण पोडातल्या लेकराला ती नाला ओलांडून गाठावी लागते. म्हणून अंतर गावापासून न मोजता प्रत्येक वस्तीपासून मोजा, आणि पावसाळ्यातलं वेगळं लिहा.

१४. गावठाणापासून २०० मीटरच्या आत एनए (अकृषक परवानगी) लागत नाही म्हणतात. मग विद्यार्थ्यांना ‘तिथे बांधता येतं’ असं शिकवायचं का?

इतकं सोपं करून शिकवू नका. जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड मुळे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन निवासी वापरासाठी अकृषक झाल्याचं मानलं जातं. पण त्याला अटी आहेत. अंतर गावठाणाच्या नोंदलेल्या हद्दीपासून मोजायचं असतं. वाढत गेलेल्या शेवटच्या घरापासून नाही. रूपांतरण कर भरावा लागतो. भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे हस्तांतरणावर सरकारी निर्बंध असलेली जमीन असेल तर आधीची परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) हा वेगळा मुद्दा राहतो. भूदानातली जमीन असेल तर तिचे स्वतःचे निर्बंध असतात. आणि अकृषक झालं म्हणजे बांधकाम परवानगी मिळाली असं होत नाही. तिला २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागते.

मुलांना २०० मीटरचा पट्टा काढायला लावा आणि मग त्यातून पूररेषा, झुडपी जंगल (प्रश्न १५) आणि वर्ग दोन वजा करायला सांगा. उरतं ते फार थोडं असतं.

१५. आमच्या गावची शाळा झुडपी जंगलात आहे. नकाशात ती ‘सार्वजनिक’ दाखवू की ‘वन’?

दोन्ही, प्रश्न ७ मधल्या रकान्यांप्रमाणे: कागदावर झुडपी, जागेवर शाळा. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन महसुली नोंदीत ‘झुडपी जंगल’ आहे. चराईची, खुरट्या झाडोऱ्याची ही जमीन. तिच्यावर पुढे शाळा, दवाखाने, घरं, स्मशानं झाली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्याच न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानुसार ही जमीन वनच आहे. त्या तारखेआधी वाटप झालेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राची मंजुरी घ्यायची वाट न्यायालयाने ठेवली आहे. त्यानंतरच्या वाटपाकडे मात्र कडक नजर आहे.

म्हणून विद्यार्थ्याने प्रत्येक बांधकामाचं वर्ष शोधावं. शाळेचं जुनं हजेरीपत्रक, ग्रामपंचायतीचा ठराव, जुन्या माणसांच्या आठवणी. इथे तारीख हाच जमीन वापराचा महत्त्वाचा पुरावा आहे. आणि नव्या योजनेत ‘झुडपी मोकळी आहे, तिथे बसस्थानक घ्या’ असं कोणी सुचवलं तर ती सूचना तिथेच थांबवा.

१६. गडचिरोलीत ग्रामसभेकडे सामूहिक वनहक्क आहेत. तिथे नियोजक काय शिकवणार?

तिथे नियोजकाने आधी शिकायचं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. पुढे त्या गावाने आपल्या खासगी जमिनीही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेकडे द्यायचं ठरवलं. अशा गावात बांबू कुठे, चराई कुठे, कोणता भाग किती वर्षं बंद, हे ग्रामसभेने आधीच ठरवलेलं असतं. विद्यार्थ्यांनी ती व्यवस्था समजून घेऊन तिचा नकाशा करावा. तिच्यावर आपले रंग चढवू नयेत.

पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा जिथे लागू आहे तिथे, भूसंपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत बंधनकारक आहे. २०१४ च्या राज्याच्या नियमांमुळे एखादी वस्ती किंवा पाडाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊ शकतो. त्यामुळे प्रश्न १३ मधला टोला इथे नियोजनाचा पूर्ण घटक बनू शकतो. गोंडीतली जागांची नावं गोंडीतच लिहा.

१७. माझ्या विद्यार्थिनीच्या वावरावरच आरक्षण पडलं आहे. वर्गात तो नकाशा घ्यावा का?

आधी तिला एकटीला विचारा. ती नको म्हणाली तर दुसऱ्या गावाचा नकाशा घ्या, कारणही सांगू नका.

ती हो म्हणाली तर तिला आणि तिच्या घरच्यांना लागेल ते सगळं नीट शिकवा, कारण इथे तारखांवर सगळं अवलंबून असतं. प्रारूप योजना राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत लेखी हरकत देता येते, १९६६ च्या कायद्याचं कलम २६. हरकत म्हणजे ‘आमची जमीन घेऊ नका’ एवढंच लिहिणं नव्हे. गट क्रमांक, जमिनीचा सध्याचा वापर, विहीर, झाडं आणि त्याच कामासाठी जवळ दुसरी कोणती जागा योग्य आहे, हे नकाशासह लिहिलं तर सुनावणीत बोलायला आधार मिळतो. विद्यार्थ्यांनी हरकत लिहायला मदत करावी का, असंही शिक्षक विचारतात. मी म्हणते, नक्की करावी. सही मात्र कुटुंबाची हवी आणि मजकूर त्यांना वाचून दाखवलेला हवा.

योजना मंजूर होऊन गेली असेल तर त्याच कायद्याचं कलम १२७ शिकवा. अंतिम योजना लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक हक्काच्या कागदपत्रांसह नोटीस देऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत जमीन घेतली गेली नाही किंवा ती घेण्यासाठी पाऊल उचललं गेलं नाही, तर आरक्षण रद्द झाल्याचं मानलं जातं. नोटीस वकिलाकडून तपासून घ्यावी. पोच जपून ठेवावी.

माझ्या वर्गातल्या मुलीच्या वावरावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण होतं. तिने तीन रकाने भरले आणि चौथ्या रकान्यात लिहिलं: “आई. भाजीपाला. मंगळवारच्या बाजारासाठी.” तिच्या हरकतीच्या नकाशावर गावाच्या पश्चिमेला, शाळेला लागून असलेली दुसरी जागा तिने मोजून दाखवली होती. सुनावणीच्या दिवशी तो कागद तिच्या आईने हातात धरला होता.